स्कोपवर उमटलेला, कोणीच न मारलेला शॉट

“मॅडम, हात मांगं! मांगं घ्या हात!”

हा ओरडणारा मी. माझा आवाज असा, की मी बालाघाटात खोकलो तर परसवाड्याच्या बाजारात गिऱ्हाईक वळून बघतं. पण त्या दुपारी घशातून जे निघालं, ते माझं मलाच ओळखू आलं नाही.

आधीच सांगतो, भूतबीत मी मानत नाही. बिरसा गावाकडच्या जंगलातून अमावस्येला एकटा सायकलवर आलोय... वाटेत कोणी होतंच, तर तेच मला भिऊन झाडावर चढलं असेल! शिवाय मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबचा टेक्निशियन. वीस वर्षं विजेशी भांडतोय.

लॅबमध्ये मेश्राम मॅडमचं प्लाझ्मा फोकस यंत्र आहे. मॅडम रामपायलीच्या, त्यावरच पीएचडी करतात. भला मोठा कपॅसिटर बारा हजार व्होल्टपर्यंत भरायचा नि एका दणक्यात नळीत रिकामा करायचा. हा ‘शॉट’; प्रत्येक शॉटला नंबर, तो त्याच्या फोटोवर लिहायचा. नळीत विजेचा एक पातळ पडदा बुडाकडून टोकाकडे धावत सुटतो. वाटेत दोन मॅग्नेटिक प्रोब, म्हणजे काचेच्या काडीत केसाएवढ्या तारेची वेटोळी. पडदा पहिलीजवळून गेला की केबलीनं जोडलेल्या ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे आमच्या स्कोपच्या, स्क्रीनवर एक टेकाड, दुसरीजवळून गेला की दुसरं. मधला वेळ मोजला की पडद्याचा वेग कळतो. आणि शॉटचा आवाज? छपराचे पत्रे हादरतात!

त्या दिवशी शॉट फसला. बटण दाबलं... काहीच नाही. म्हणजे कपॅसिटर गच्च भरलेला. अशा वेळी अर्थिंगचा दांडा लावून चार्ज जमिनीत सोडायचा, हे काम माझं. मग मॅडम विचारणार, “सोडला?” मी म्हणणार, “हौ, सोडला.” तोवर कोणी हात लावत नाही.

मी दांड्याकडे निघालो, तोच साळ्याचा फोन. “भाऊजी, ट्रॅक्टर गॅरेजवर सोडला का?”

“हौ, सोडला!” मी गरजलो.

त्याच घडीला मागून मॅडमनंही विचारलं होतं. मला ऐकूच आलं नाही.

वळलो. मॅडमच्या डाव्या हातात प्रोबच्या दोन्ही केबली — शॉट फसला की मॅडम सगळ्यात पहिले स्कोपपासून केबली उपटतात. उजवा हात कपॅसिटरच्या टर्मिनलकडे चाललेला. चार बोटं अंतर.

आणि त्यांच्या खांद्यामागे स्कोपवर उमटलं एक टेकाड. मग दुसरं.

मी मनात म्हटलं, अरे, शॉट झाला! पण आवाज? आवाज नाही तर शॉट नाही... शॉट नाही तर चार्ज... दांडा!

तेव्हा ओरडलो. मॅडमचा हात तिथंच थिजला.

दांडा लावला. धाडकन आवाज, निळा लोळ, दांड्याचं पितळी टोक वितळून गोल झालं. चार्ज सगळाच्या सगळा आतच होता.

मॅडम स्टुलावर बसल्या. केबली अजून मुठीत. “राऊतभाऊ, तुमीच तं म्हणले ना, सोडला?”

“ट्रॅक्टर, मॅडम... ट्रॅक्टर सोडला म्हणलो मी.”

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. हात जोडले, फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. आता लॅबमध्ये तो खिशात ठेवत नाही.

इतका वेळ थापा मारल्या असतील, पण ही नाही. स्कोपला एकही तार जोडलेली नव्हती, चार्ज जागचा हललेला नव्हता. तरी स्क्रीनवर पडदा धावला, आणि मॅडमनं मोजला तर नेहमीच्याच वेगानं. कशानं धावला, आजही माहीत नाही.

मॅडमनं स्क्रीनचा फोटो त्यांच्या गाईड सरांना पाठवला, मग फोन स्पीकरवर लावला. “सर, हे काय असंल?”

सर म्हणाले, “सिग्नल चांगला आलाय. शॉट नंबर लिहायचा राहिला तुझा.”