मशीनखालची दुपार

माझ्या लहानपणाची दुपार मला दिसत नाही, ऐकू येते. कुरुंद्याच्या आमच्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत, आईचं शिलाई मशीन चालू असायचं आणि मी त्याच्या खाली झोपलेली असायचे. उशाला कातरणांचा ढीग. डोळ्यांसमोर लोखंडी जाळीचं पायडल आणि त्यावर आईचे दोन पाय, उजवा पुढे, डावा मागे. जोडवी वर जायची, खाली यायची. तिकडे पाहता पाहता डोळे जड व्हायचे आणि पुढचं सगळं आवाजावरच कळायचं. लांब, न थांबणारा आवाज म्हणजे बाजूची शिवण. थांबत थांबत, विचार करत गेलेला आवाज म्हणजे बाहीची गोलाई. आवाज बंद पडला की मी उठून बसायचे. गडबडीत झोपणारं आणि शांततेनं जागं होणारं असं लेकरू वस्तीत दुसरं नव्हतं, असं आई अजून सांगते आणि मी ते मोठ्या अभिमानानं ऐकून घेते.

कधी कधी तिचा पाय मला लागायचा. "लागलं का गं?" ती वरून विचारायची, पण मशीन थांबवायची नाही. उत्तर द्यायच्या आत मी पुन्हा झोपलेली असायचे.

आई वस्तीतल्या बायांची झंपरं शिवायची. ब्लाउज हा शब्द मला शाळेत गेल्यावर कळला. रंगीत झंपरं वर्षभर चालायची, पण बुद्धपौर्णिमा जवळ आली की घर पांढरं व्हायचं. दोरीवर पांढरं, खाटेवर पांढरं, माझ्या अंगाखाली पांढरी कातरणं. त्याच दिवसांत हळदीचं काम जोरात असायचं. बाया दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात हळद शिजवायच्या, वाळवायच्या आणि संध्याकाळी पिवळ्याधमक हातांनी माप द्यायला यायच्या. आई त्यांना दारातच अडवायची. "हात मागं बांधा अन् मगच आत या." मग त्या खरोखर हात मागे बांधून शाळेतल्या पोरींसारख्या रांगेनं उभ्या राहायच्या आणि हसत सुटायच्या. आई टेप वापरायची नाही. विती आणि बोटांनी माप घ्यायची, आणि ते कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

"तुझ्या लग्नाचं पांढरं झंपर मीच शिवीन," हे ती मला तेव्हापासून सांगत आलेली. मी शिकले, सेनगावच्या शाळेत शिकवायला लागले, हिंगोलीत खोली घेतली, कुणी लग्नाचा विषय काढला की भांडू लागले. आईचं वाक्य तेच राहिलं. शेवटी माझी मीच एक माणूस पसंत केला, वैशाखातली तारीख धरली, आणि त्याच हिवाळ्यात आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली.

दवाखान्यातून तिला मी सरळ माझ्या खोलीवर आणलं. हात हळूहळू सुधारला. ती आपल्या हातानं जेवू लागली, माझी वेणी घालू लागली. पाय मात्र रुसून बसला. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची, तेवढंच. ती कसलीच तक्रार करत नव्हती आणि तेच मला सहन होत नव्हतं. माझी आई तोंडाची फटकळ. फटकळ बाई गप्प झाली की घर खायला उठतं. एकदा मी म्हटलं, "झंपर बाहेर शिवायला टाकते, तू फक्त लक्ष ठेव."

तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "टाक. माझ्यानं काय होऊन राहिलं आता?"

त्या 'टाक'चा मला एवढा राग आला की त्याच दुपारी मी कुरुंद्याला फोन लावला आणि मशीन मागवलं. खरं सांगायचं तर मला झंपर नकोच होतं. मला माझी आई त्या मशीनवर बसलेली पाहिजे होती. ती आता बसली नाही तर पुन्हा कधीच बसणार नाही, अशी मला भीती होती.

मशीन आलं ते हळदीच्या गोण्यांमध्ये बसून. गावातले एक काका हळद घेऊन हिंगोलीच्या बाजाराला निघाले होते, त्यांनी पिकअपमध्ये जागा केली. जिन्यावरून वर चढवेपर्यंत काकांचा आणि माझा जीव मेटाकुटीला आला. खोलीभर हळदीचा वास पसरला. आईनं डोळे मिटले आणि तो छातीभर घेतला. "गावच वर आणलं की बाई," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

रविवार जोडणीत गेला. मी मशीन खिडकीखाली मांडलं, एक पाय अधांतरी राहत होता तिथे पुठ्ठ्याची घडी सरकवली, वरचं पुसून लख्ख केलं, तेलाच्या भोकांत थेंब थेंब तेल सोडलं. खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या लहान चाकावर जाणारी चामड्याची वादी सैल पडली होती. ती कापून पुन्हा जोडायची कशी, हे मी मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ लावून बघत होते. आई खाटेवरून ते सगळं बघत होती.

"त्या बाईला विचार, तिनं तरी कधी वादी चढवली का."

वादी बसली. मग सुई बसवली, दोरा ओवला, चाक फिरवलं, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला.

"सुई उलटी बसली."

"तुला तिथून दिसतं तरी का?"

"दिसत न्हाई. तुझ्या तोंडावरून कळून राहिलं."

सुई खरंच उलटी होती. सपाट बाजू जिकडे पाहिजे तिच्या बरोबर विरुद्ध बसवली होती. चरफडत मी ती काढली आणि मनातून मला बरं वाटलं. फटकळपणा परत येत होता.

पण माझी हुशारी अजून संपली नव्हती. पाय चालत नाही तर मोटर लावू, असं मी ठरवलं. बाजारातून मिस्त्री आणला, मोटर बसवली, रबराचं बटण खाली ठेवलं. आई भिंत धरत आली, स्टुलावर बसली, डाव्या पायानं बटण दाबलं. मशीन सुटलं. गडद रंगाची चिंधी तिच्या हातातून ओढली गेली, शिवण वाकडी झाली, तिनं घाबरून दोन्ही हात वर घेतले. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. मग ती थांबली.

"हे पळून राहिलं अन् मी मागंच. बंद कर."

"सवय होईल हळूहळू."

"मशीन चांगलं हाय. मीच बिघडले." ती खाटेवर गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी ओट्याशी उभी राहून रडले. मोटर मीच आणली होती, आता रागवायचं तरी कुणावर?

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. दुपारी सगळी गल्ली सुस्तावून पडायची. मोटर मी काढून टाकली होती, वादी पुन्हा चढवली होती. तशा एका दुपारी, का कोण जाणे, मी मशीनखाली जाऊन बसले. गार फरशी. डोळ्यांसमोर तीच लोखंडी जाळी. आता मी तिथे मावत नव्हते, मान वाकडी करूनच बसावं लागत होतं. मी पायडलवर हातांचे दोन्ही तळवे ठेवले आणि दाबून पाहिलं. वर मशीन चाललं.

"काय करून राहिलीस खाली?" आई उठून बसली होती.

"आई, तू ये. कापड तू धर. पाय मी होते."

"येडी झालीस का?"

"व्हय. ये लवकर, माझी मान अवघडली."

ती आली. बसताना तिचा अधू पाय कुठे ठेवावा ते दोघींनाही कळेना, तेव्हा मी तो उचलून माझ्या मांडीवर घेतला. "आधी चिंधीवर चालव," ती वरून म्हणाली. मी हाताला लागलेला जुना पंचा फाडून वर दिला. सुरुवातीला मी घाई करत होते. तिनं वरचं चाक हातानं धरलं. "मी चाक फिरवते, तू नुसती सोबत ये." मी सोबत गेले. हळूहळू माझ्या तळव्यांना तिची चाल कळू लागली. तिला थांबायचं असायचं तेव्हा मांडीवरचा तिचा पाय जरासा ताठ व्हायचा, आणि मी थांबायचे.

चिंधीवर टाका छान पडला. मग तिनं पांढरं कापड बेतून घेतलं. माझं माप तिनं आदल्या महिन्यातच, वेणी घालता घालता, मला न सांगता वितीनं घेऊन ठेवलं होतं म्हणे. लांब शिवण सुरू झाली. तो आवाज मी ओळखला. बाजूची शिवण.

आवाज थांबला आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही. मी बाहेर सरकून वर पाहिलं. आईच्या हातात पांढरं कापड होतं आणि त्यावर वरपासून खालपर्यंत पिवळी रेघ.

मशीन मी वरून पुसलं होतं. सुईखाली कापड पुढे ढकलणारे बारीक दाते असतात, त्यांच्यात पिकअपमधली हळद जाऊन बसली होती आणि वरून मी तेल सोडलं होतं. चिंधीवर ते दिसलं नाही, कारण तो पंचाच पिवळा होता. कापड तिच्या हातातून ओढून मी मोरीत नेलं आणि साबण लावला. हळदीच्या गावात वाढलेल्या मला साबण लावायची बुद्धी कशी झाली, देव जाणे. पिवळी रेघ लालभडक झाली.

मी तशीच ओलं कापड धरून बाहेर आले. आईनं ते पाहिलं, मला पाहिलं, आणि ती हसायला लागली. तोंड एका बाजूनं अजून थोडं वाकडं व्हायचं, तशीच हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आमच्या घरात लग्नाला हळद लावायची पद्धत नाही. बुद्धापुढे मेणबत्ती, पांढरी साडी, फुलांचा हार, एवढंच.

"आपण लावत न्हाई," ती धाप लागून म्हणाली, "तर मशीननंच लावली."

मग मीही हसले आणि हसता हसता मला रडू आलं, तेव्हा ती ओरडली, "रडू नको, गच्चीवर उन्हात टाक. ऊन खाऊन टाकीन सगळं." तिच्या ओरडण्यानं मला इतकं बरं वाटलं की मी अनवाणीच गच्चीवर पळाले आणि पाय भाजून घेतले.

उन्हानं खरोखर सगळं खाल्लं. लाल गेलं, पिवळं गेलं. मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं मशीनचे दाते साफ केले, आणि आमच्या दुपारी सुरू झाल्या. जेवण झालं की ती स्टुलावर, मी खाली. वरून दोऱ्याचे तुकडे माझ्या केसांत पडायचे. ती गावच्या बायांच्या गोष्टी सांगायची, कुणाचा खांदा उतरता, कुणाची पाठ रुंद, कोण माप देताना पोट आत ओढायची. मी ऐकायचे आणि दाबायचे. आपण आता आहोत की तेव्हा, हे मला मधूनच कळायचं नाही. लग्न जवळ येत होतं आणि झंपर लवकर होऊ नये, असं मला वाटत होतं.

शेवटची बाही राहिली होती. ऊन खिडकीच्या गजांवर आलं होतं. आवाज थांबत थांबत, विचार करत चालला होता, म्हणजे गोलाई. मी डोकं स्टँडच्या लोखंडाला टेकवलं. तळवे पायडलबरोबर वर जात होते, खाली येत होते. डोळे कधी मिटले ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा आवाज चालूच होता. मला वाटलं मी लहान आहे. मग माझे हात दिसले. ते पायडलवरच होते, वर जात होते, खाली येत होते, पण मी दाबत नव्हते. माझी मांडी रिकामी होती. माझ्या डाव्या हातामागे आईचा डावा पाय होता, आणि पुढे, माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर, तिचा उजवा पाय. जड, जरा उशिरानं येणारा, पण येत होता. दाबत होता.

मी मान जराशी सरळ केली. माझी हालचाल तिला कळली असावी.

"लागलं का गं?" तिनं वरून विचारलं, पण मशीन थांबवलं नाही.

लागत होतं. "न्हाई," मी म्हणाले, आणि हात तसाच ठेवला.