डागकाकू आणि शाळेची वेडी घंटा

कारखान्यात तिला सगळे डागकाकू म्हणायचे. बत्तीस वर्षं एकाच बाकावर बसून तिने सर्किटच्या पाट्यांवर बारीकसारीक भाग बसवले आणि वितळवलेल्या सोल्डर धातूचे डाग देऊन ते पक्के जोडले. नव्या माणसाला वाटायचं, बाईंच्या नावावर काही डागबिग आहे की काय! यावर सगळ्यांत आधी हसायची ती काकूच.

निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात तिने घरात जे जे बंद पडलं होतं ते उघडून दुरुस्त केलं. दुसऱ्या महिन्यात जे चालू होतं तेही उघडायला लागली. तेव्हा सून घाईघाईने म्हणाली, "आई, आमच्या शाळेची घंटा बघता का? तिला वेड लागलंय."

सून त्या शाळेत गणित शिकवायची. घंटा आपोआप वाजणारी होती. कार्यालयाच्या भिंतीवर एक डबा होता आणि आतला मायक्रोप्रोसेसर वेळ बघून घंटा वाजवायचा. पण कधी दुसऱ्याच तासाला शाळा सुटल्याची लांब घंटा व्हायची, तर कधी मधली सुट्टी संपल्याचं कुणाला कळायचंच नाही. मागच्या सोमवारी तिसरीचा अख्खा वर्ग साडेदहाला दप्तरं पाठीवर टाकून फाटकापर्यंत पोचला होता. कंपनीचा माणूस दोनदा आतली सर्किटची पाटी बदलून गेला, पण गुण काही येईना.

काकूने डबा उघडला. वीज आली की प्रोसेसरला 'पहिल्यापासून सुरू कर' असं सांगणारी एक पिन असते, तिला रीसेट म्हणतात. त्या पिनेवर थोडीशी वीज साठवून ठेवणारा एक कपॅसिटर होता. "हा दमलाय," असं म्हणून काकूने त्याच्या जागी दुप्पट मोठा बसवला.

दुसऱ्या दिवशी ऐन परीक्षेत घंटा सलग चार मिनिटं वाजली. मुख्याध्यापिका बाई कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. काकूचं तोंड एवढंसं झालं.

पण ती घरी गेली नाही. स्वेटर विणत दिवसभर त्या डब्यासमोर बसून राहिली. दुपारी शिपायाने पाण्याचा पंप सुरू केला, ट्यूबलाइट लुकलुकली आणि घंटा ठणाणली.

"अगं, पंप! पंप!" काकू ओरडली. सून हातात खडू घेऊन वर्गातून धावत आली. शिपाई बिचारा घाबरून म्हणाला, "काकू, मी काही केलं नाही हो!"

संध्याकाळी काकू कारखान्यातल्या जुन्या इंजिनिअर साहेबांच्या घरी गेली. ऐकून साहेब म्हणाले, "पंप सुरू होताना प्रोसेसरला मिळणारे पाच व्होल्ट क्षणभर चारवर येत असणार. मग प्रोसेसर धड मरत नाही आणि धड जगतही नाही, मनाला येईल ते करतो. आणि एवढ्याशा वेळात कपॅसिटर रिकामाच होत नाही, त्यामुळे रीसेट मिळतच नाही."

"आणि मी तर आणखी मोठा बसवला!"

"म्हणजे झोपाळू राखणदार काढून त्याहून झोपाळू ठेवलात," साहेब हसले आणि त्यांनी खणातून तीन पायांचा एक चिमुकला काळा भाग काढला.

काकू बघतच राहिली. "हा? हा तर मी रोज दोनशे बसवायचे!"

"हाच तो. व्होल्टेज साडेचारच्या आसपास उतरलं, की हा प्रोसेसरला रीसेटमध्ये दाबून धरतो. वीज सावरली तरी लगेच सोडत नाही. सेकंदाचा पाचवा हिस्सा थांबतो, खात्री करतो, मगच सोडतो. डब्यातलं घड्याळ वेगळ्या बॅटरीवर चालूच असतं, तेव्हा प्रोसेसर उठतो, वेळ बघतो आणि कामाला लागतो. याला सुपरवायझर म्हणतात."

"आमच्या सुपरवायझरपेक्षा बरा," काकू म्हणाली. "हा वेळ झाली की सोडतो तरी!"

दोघंही पोट धरून हसले. घरी येताना ती तो काळा भाग तळहातावर घेऊन बघत होती. बत्तीस वर्षं आपण कशाला डाग देत होतो, हे तिला आज पहिल्यांदा कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तिने कपॅसिटर काढून तो भाग बसवला आणि तीन डाग दिले. मग शिपायाला म्हणाली, "चालव पंप." लाइट लुकलुकली, घंटा गप्प. "बंद कर. परत चालव." वीस वेळा झालं, तरी घंटेने हूं की चूं केलं नाही. विसाव्या वेळी सुनेने तिला मिठीच मारली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "काकू, आठवीच्या मुलींना हे शिकवाल का?"

"शिकवीन की. पण आधी कशासाठी ते सांगेन, मग डाग."

मग व्हरांड्यात जाऊन तिने कारखान्यात शेजारच्या बाकावर बसणाऱ्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. "अगं, तो तीन पायांचा आठवतो ना? ऐक, तो काय करतो माहितीये?"

पलीकडून आवाज आला, "थांब, भाजी उतरवते. मग सगळं नीट सांग."