मी काढलेली पाचर

पहिलंच संत्रं अर्ध्या वाटेत थांबलं. मागून दुसरं आलं, तिसरं आलं, आणि टेबलावर संत्र्यांचा ट्रॅफिक जाम झाला. तोही नेमका व्यापारी बघायला आलेला असताना.

मी रिटायर्ड फोरमन. उभी नोकरी वर्कशॉपमध्ये गेली. आता दर शनिवारी शेंदूरजनाघाटच्या क्लबमध्ये पोरापोरींना वेल्डिंग, फिटिंग शिकवतो. क्लबचा नियम कडक आहे. काम मुलांनी करायचं, मोठ्यांनी विचारलं तरच सांगायचं आणि हात खिशात ठेवायचे.

हे मशीन अकरावीतल्या सोनल आणि तिच्या मैत्रिणींचं. उतरतं लोखंडी टेबल, त्यावर दोन पाइप. त्यांच्यातली फट खाली जाताना रुंदावत जाते. लहान फळ आधी पडतं, मोठं पुढे. यालाच ग्रेडिंग म्हणतात. सोनलची आई याच व्यापाऱ्याकडे दिवसभर उकिडवी बसून हाताने ग्रेडिंग करते. तिची कंबर पार कामातून गेलीय. टेबल पसंत पडलं, तर तिला उभं राहून काम करता येणार होतं.

"हे काही आपल्या कामाचं नाई," शेठ घड्याळ बघत म्हणाले.

सोनल वाकून टेबलाचे पाय तपासत होती. "इथची पाचर कोनं काढली?"

पाचर म्हणजे उतारासाठी पायाखाली सरकवलेला लाकडाचा तुकडा. ती मीच काढली होती. सकाळी, कोणी नसताना. उतार जास्त वाटला, फळ आपटेल म्हणून. गप्प बसलो असतो तर खापर पोरींवर फुटलं असतं.

"मी काढली, शेठ. चूक माही आहे, पोरींची नाई."

"तुमी? कावून?" शेठनी विचारलं. उतार जास्त वाटला, फळ आपटेल म्हणून, असं मी सांगितलं.

सोनल चिडली होती, पण आवाज चढवला नाही. "सर, संत्रं काही बेअरिंगचा छर्रा नाई. चपटं रायते. उतार कमी केला का बसून जाते. आमी चार कॅरेट संत्रे लोटून पाह्यले. आन् आपटू नये म्हनून खाली गोधडी लावली ना!"

गोधडी मी पाहिली होती. ती कशाला, हे विचारलं नव्हतं.

तिने वहीतलं माप बघून पाचर ठोकली. संत्री घरंगळत गेली. शेठनी खालचं एकेक फळ दाबून पाहिलं. एकालाही मार लागला नव्हता.

"सोमवारी शेडमध्ये आना. तुह्या मायलेच देतो चालवाले."

सोमवारी सोनलची आई टेबलाशी ताठ उभी होती. पोरींचा मला फार अभिमान वाटला. माझा वाटा तेवढा पाचर काढण्याचा.

हात खिशात ठेवणं वेल्डिंगपेक्षा अवघड काम आहे. मी अजून शिकतोय.