डोळे राहिलेलं चित्र

आमच्या जिन्यात एक वावडी उठली आहे. म्हणे, वरच्या मजल्यावरच्या रंगारी भाऊंनी बायकोचं चित्र काढता काढता तिचा जीवच त्या चित्रात ओढून घेतला. साफ खोटं! वहिनी ठणठणीत आहेत. जिन्यात छत्री झटकली म्हणून परवाच त्यांनी मला फैलावर घेतलं. गेले ते भाऊ.

भाऊंचा धंदा मेलेल्या माणसांचे फोटो रंगवण्याचा. लोक काळपट फोटो आणून देत, भाऊ त्यातल्या गालांवर रक्त चढवत. "हे आजोबा जिवंतपणी इतके टवटवीत नव्हते हो," असं मी म्हटलं की उत्तर तयार, "जिवंतपणी ते माझ्याकडे आले कुठे होते?"

ब्रशला टोक यावं म्हणून ते तो जिभेवर फिरवायचे. दर दोन फटकाऱ्यांनी एकदा, तीस वर्षं. त्यांच्या पांढऱ्या रंगात शिसं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हिरड्यांवर निळी रेघ उमटली होती, मनगट लुळं पडू लागलं होतं. "ब्रश पुन्हा तोंडात गेला तर माझ्याकडे येऊ नका, काही उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले.

भाऊंनी गिऱ्हाइकं बंद केली. वहिनींचं चित्र तेवढं सोडवेना. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुरू केलेलं, फक्त डोळे राहिलेले. दर दुपारी वहिनी खिडकीपाशी स्टुलावर बसायच्या. भाऊ डोळे काढायचे आणि उजेड उतरला की खरवडून टाकायचे. भिंतीवरचा तो बिनडोळ्यांचा चेहरा बघायचा. हो, बघायचाच! मी चहा पिताना मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसायचो, तरी मान आखडायची.

शेवटी वहिनींनी बसणं बंद केलं आणि सगळे ब्रश डब्यात घालून माझ्याकडे आणले. "भावजी, हे लपवा. त्यांनी पाया पडून मागितले तरी द्यायचे नाहीत."

"अहो, मी म्हणजे लोखंडी तिजोरी!"

तिजोरी आठ दिवस टिकली. भाऊ दारात उभे राहिले, गालफडं बसलेली. "दोन डोळे राहिलेत रे फक्त. टोक पाण्याने काढीन, शपथ." मी एक ब्रश दिला. वहिनींना वाटतं, तो घरातच कुठेतरी राहून गेला असेल.

चौथ्या दिवशी, वहिनी शिवणाच्या वर्गाला गेल्यावर, मी वर गेलो. भाऊ भिंतीला टेकून बसले होते. ओठ पांढरेफटक, रंगानेच.

"पाण्याने काढणार होतात ना टोक?"

"पाण्याने येत नाही."

चित्राला डोळे आले होते. चेहरा विशीतल्या वहिनींचा, पण डोळे रडून रडून कोरडे पडलेले, रिकाम्या घरात कुणाची तरी चाहूल घेणारे. तरी जित्याची खोड, थट्टेवारी न्यायला बघितलं.

"हे कुणाचे डोळे चिकटवलेत भाऊ? आमच्या वहिनी अशा कधी दिसतात?"

त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले. तेव्हापासून वहिनी जिन्यात भेटल्या की मी त्यांच्या चपलांकडे बघून बोलतो. कारण त्या दुपारी भाऊ मला म्हणाले होते,

"आत्ता नाही दिसत. मी गेल्यावर ये आणि जुळवून बघ. चुकलं असेल तर हाक मार, दुरुस्त करायला येतो."