कोंडाबाईंचं बोलावणं

माणूस हयात असतो तोवर त्याचे दोन-तीन किस्से असतात. गेला की शंभर होतात, आणि प्रत्येकात सांगणारा त्याच्या अगदी शेजारी बसलेला असतो. गोंधळ घालणाऱ्या कोंडाबाई गेल्या आणि चौदाव्या दिवशी दुपारी आम्ही त्यांचे चाहते जाधवरावांच्या अकोट्याच्या फ्लॅटवर जमलो, तेव्हा हेच झालं. मी मात्र गप्प होतो. मला ओळखणाऱ्यांना हे खोटं वाटेल. पण सहा वर्षं मी बाईंशी बोललो नव्हतो. त्या माझ्यावर राग धरून गेल्या का, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि विचारायला जीभ उचलत नव्हती.

सुरुवात जाधवरावांनी केली. यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, हे ते चहाचा कप देतानासुद्धा सांगतात. यांच्या नातवाच्या लग्नात माइकवाला अर्धा तास 'हॅलो, चेक, वन टू' करत होता. बाईंनी माइक उचलून त्याच्याच हातात दिला. "तूच ठेव बाबा. तुझाच आवाज पोचत नाहीये." आणि देवीला अशी हाक घातली की खाली पार्किंगमध्ये गाडीचा अलार्म वाजायला लागला. जाधवराव म्हणतात तीन गाड्या वाजल्या. एकच वाजली. मी होतो तिथे.

मग जोशी मास्तर. सयाजीगंजात कॉलेजात शिकवायचे, आता रिटायर आहेत. शिकलेल्या माणसाला गाणं नुसतं ऐकवत नाही, लिहून घ्यावं लागतं. एका लग्नात हे वही घेऊन पुढे बसले आणि बाईंना म्हणाले, "जरा सावकाश म्हणा, लिहायचं राहतंय."

"मास्तर, इथं पोरीचं लग्न आहे, परीक्षा नाही."

मास्तरांनी वही मिटली. हा किस्सा ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसतात. माणूस बरा आहे तसा.

जाधवरावांचे शेजारी हसमुखभाई. मराठी त्यांना निम्मं कळतं, पण बाईंचा एकही गोंधळ त्यांनी सोडला नाही. गोंधळात आधी सगळ्या देवांना नावानं आणि गावानं बोलावतात. तुळजापूर, कोल्हापूर, जेजुरी, सगळी यादी होते. हसमुखभाई म्हणाले, "बेन, आमच्या पावागढच्या माताजीला नाही बोलवत?"

बाई म्हणाल्या, "भाई, ती शेजारीण. लांबच्यांना आमंत्रण लागतं. ती पुरणाच्या वासानंच येते."

पण पुढच्या गोंधळापासून त्यांनी पावागढच्या महाकालीला सगळ्यांत आधी बोलवायला सुरुवात केली. संबळवाल्या शंकरनं कारण विचारलं तर म्हणाल्या, "शेजारणी लवकर रुसतात. तुझं लग्न झालं की कळेल."

हे सांगताना हसमुखभाईंनी चष्मा काढून पुसला.

मग जाधवरावांनी मुद्दाम मला डिवचलं. "तुमचं काय ते झालं होतं ना हो, थोरल्याच्या लग्नात?"

सगळ्यांना माहीत होतं. तरी सांगितलं. मी मकरपुऱ्यात जन्मभर फिटर होतो. थोरल्याच्या लग्नाचा गोंधळ तिथेच आमच्या दारात होता. आमचा देव निंबोडीचा बहिरोबा. लहान देव आहे, शेजारच्या गावालाही त्याचं नाव ठाऊक नाही, पण आमचा आहे. मी आदल्या दिवशी बाईंना दोनदा बजावलं होतं. त्यांनी सगळे देव बोलावले आणि नेमका आमचा राहिला. मी भर गोंधळात उठून संबळ थांबवला. "बाई, आमचा देव बाहेर ताटकळत ठेवलात."

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचाच ना तो? आत आला तर भांडेल."

सगळा मांडव हसला. नवी सूनसुद्धा हसली, घरातला पहिलाच दिवस आणि ही हिंमत. मी तिथंच सांगून टाकलं, यांच्या गोंधळात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

ठेवलंही नाही. पण कान कसे बंद करणार? बाईंचा गोंधळ कुठे आहे ते कळलं की मी संध्याकाळी तिकडे जायचो आणि मांडवासमोरच्या पानवाल्यापाशी उभा राहायचो. बाईंचा आवाज रस्त्यापलीकडे यायचा. आणि दर वेळी, घर कुणाचंही असो, सगळे देव झाले की शेवटी बाई गावासकट बोलवायच्या, निंबोडीच्या बहिरोबा, गोंधळाला ये. आत जाऊन एक शब्द बोलावा असं तेव्हा दोन-चारदा वाटलं. पाय पुढे पडला नाही.

चाहत्यांसमोर मात्र मी ताठ्यात म्हणालो, "माझ्याशी भांडल्यापासून बाईंनी एकाही गोंधळात आमचा देव चुकवला नाही. चांगलं लक्षात राहिलं त्यांच्या."

इतका वेळ कोपऱ्यात खाली मान घालून बसलेला शंकर बोलला. वीस वर्षं बाईंच्या मागे संबळ वाजवला त्यानं.

"प्रत्येक गोंधळात नाही, काका. बाई आधी मला बाहेर पाठवायच्या, 'शंकर, म्हातारा आलाय का बघून ये.' तुम्ही पानवाल्यापाशी दिसलात, तरच बहिरोबाला बोलवायच्या."