सहा फिल्म आणि काकूंचा एक फोटो

शूर माणसांकडे किस्से कमी असतात, हे माझं ठाम मत आहे. घाबरटांकडे ढीग! मी दिव्याला राहतो, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि मुळात भित्रा आहे. त्यात मी, घोडबंदरच्या ऑफिसात काम करणारी नेहा आणि डोंबिवलीचे वसंतकाका असे तिघं मिळून एक जुना लाकडी कॅमेरा दुरुस्त करत होतो. त्या तीन आठवड्यांत इतका घाबरलो, की आता किस्से मावत नाहीत.

*

काकांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाल्यावर हा पेटीएवढा कॅमेरा घरच्या माळ्यावर गेला. मला आणि नेहाला फिल्मवर फोटो काढायचं वेड लागलं, म्हणून तो खाली आला. पुढच्या लेन्सपासून मागच्या फिल्मपर्यंत त्याला घडीचा भाता असतो. भात्याला भोकं आहेत का बघायला आम्ही खोलीत अंधार करून आत टॉर्च लावला. सगळीकडून उजेड गळायला लागला.

"काका, हे तर तारांगण झालंय!" नेहा म्हणाली.

काका हसले नाहीत. त्यांच्या बायकोने, वसुधाकाकूंनी, परकराचं काळं कापड आणलं आणि डिंकाने ठिगळं लावायला बसल्या. लावता लावता म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी माझ्या जबड्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणालेत, चेहरा बदलेल. यांनी अख्ख्या डोंबिवलीचे फोटो काढले, माझा एक नाही काढला. तेवढा याच कॅमेऱ्यातून काढा. तोंड जागेवर आहे तोवर."

"मोबाईलमध्ये आहेत की तुझे," काका म्हणाले.

"ते सत्यनारायणाचे आहेत. मी कोपऱ्यात आहे."

काकांच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, कित्येक वर्षांच्या जुन्या सहा फिल्म होत्या. एका फिल्मवर एकच फोटो. नवीन मागवल्या तर यायला महिना लागणार होता. म्हणजे सहा म्हणजे सहाच!

*

फिल्म चौकटीत भरायची ती मिट्ट काळोखात. माझं बाथरूम आम्ही दाराच्या फटींसकट बंद केलं. मोबाईल बाहेर ठेवले. काकांनी बोटांनी चाचपत डब्यातून दोन फिल्म बाहेर काढल्या. नेहाने घाम पुसायला हात वर केला आणि तिच्या मनगटावर लख्ख उजेड पडला. स्मार्टवॉच! वर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, बराच वेळ बसलात, आता जरा चाला.

काकांनी डबा पोटाशी धरला, म्हणून आतल्या चार वाचल्या. बाहेरच्या दोन गेल्या. नेहा त्यानंतर खरंच चालायला गेली, रडत.

*

भाता नीट झालाय का बघायला दोन फिल्म खर्च करायच्या ठरल्या. माझ्या बिल्डिंगसमोर तिवई लावली. काका काळ्या फडक्यात शिरले. पाच मिनिटांत अर्धी बिल्डिंग खाली!

"कसला सर्व्हे आहे?" तळमजल्यावरच्या दुकानदाराने विचारलं.

"सर्व्हे नाही हो. नुसता फोटो काढतोय," काका फडक्यातूनच म्हणाले.

"पाडायच्या आधी फोटोच काढतात!"

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पोराला कडेवर घेऊन आलेल्या. म्हणाल्या, "मोठीची परीक्षा तरी होऊ दे हो साहेब." खरं सांगतो, दोन मिनिटं मलाही वाटलं की बिल्डिंग पाडायची नोटीस आलीय. मीही तिथेच राहतो ना!

*

त्या दोन फिल्म धुताना आमच्या नळाने घात केला. काळोखात पहिल्या केमिकलमधून फिल्म काढली, ती लगेच पाण्यात बुडवायची, तर नळाला नुसती हवा. दार उघडावं तर उजेड येणार, थांबावं तर फिल्म काळी पडणार.

"माझी बाटली आहे!" म्हणत नेहाने अंधारात ट्रेमध्ये ओतलं. बाथरूमभर लिंबाचा वास सुटला.

"सरबत आहे का हे?" काका किंचाळले.

"लिंबू ॲसिड आहे, केमिकल थांबवेल, चालेल!" मीही किंचाळलो. एवढ्या वर्षांत माझी केमिस्ट्री पहिल्यांदाच कुणाच्या कामाला आली!

फिल्म वाचली, पण फोटो ताकासारखा पातळ, उजेड कमी पडलेला. जुन्या लेन्सला शटर नसतं. झाकण काढायचं, आकडे मोजायचे, झाकण लावायचं. मी भीत भीत म्हटलं, "काका, फिल्म जुनी झालीय. जरा जास्त मोजा."

"चाळीस वर्षं चार मोजलेत! तुमच्या दिव्याचं पाणी वाईट."

पाचवीलाही चारच मोजले आणि ती डोंबिवलीच्या पाण्याने धुतली. तीही ताक.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. मोरपिशी साडी, एक गाल थोडा सुजलेला. संध्याकाळी ॲडमिट व्हायचं होतं. फिल्म एकच उरलेली.

काकांनी झाकण धरलं. "हलू नकोस."

झाकण निघालं. "एक... दोन... तीन... चार..."

झाकण हातातच राहिलं.

"पाच... सहा..."

नेहाने माझा दंड घट्ट पकडला. ओरडावं तर काकू दचकतील, न ओरडावं तर शेवटची फिल्म जळेल.

"अकरा... बारा..." काकांचा आवाज बसत चाललेला. ते कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते, काकूंकडे बघत होते. काकूही त्यांच्याकडेच. पापणीसुद्धा लवली नाही.

"अठरा... एकोणीस."

झाकण लागलं. काकू उठल्या आणि बॅग भरायला आत गेल्या. आम्ही तिघं काकांच्याच बाथरूममध्ये शिरलो. ट्रे नेहाने धरला.

दिवा लावला. फिल्मवर काकू होत्या! केस, कुंकू, साडीचा काठ, सुजलेला गाल, सगळं स्वच्छ.

"काका!" नेहा ओरडलीच. "एकोणीसच मोजायचे, हे तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी ओली फिल्म दिव्यासमोर धरली.

"एकोणीस कुठले?" ते म्हणाले. "मी चारच मोजले."