रुमालाखालचा हात

आमचे मेहुणे किशनराव आयुष्यात एकदाही नाचलेले नाहीत. स्वतःच्या वरातीतसुद्धा नाही. मित्रांनी ओढत नेलं, तेव्हा हे गृहस्थ आपल्याच घोड्याचं तोंड उघडून दात बघत होते. असा माणूस आज आमच्याकडच्या नाचणाऱ्या पोरापोरींचा पोशिंदा झाला आहे, आणि त्या पोरांत माझी पोटची पोर सगळ्यांत पुढं आहे.

मी एसटीत कंट्रोलर होतो. जन्म गेला लातूरच्या स्टँडवर. माझा स्वभावच तसा झाला आहे : जिच्या कपाळावर पाटी नाही ती गाडी मी सुटू देत नाही. कुठं जाणार, कोणत्या मार्गानं जाणार, हे आधी लिहा. मग घंटी मारा. घरच्यांना हा स्वभाव आवडत नाही. पण घरच्यांपैकी एकाचीही गाडी कधी चुकलेली नाही, हे कुणी बोलत नाही.

किशनराव माझ्या बायकोचे धाकटे भाऊ. राहणार शिरूर अनंतपाळ, धंदा बैलबाजारातली दलाली. हा धंदा तोंडानं चालत नाही. बाजारात बैलाचा भाव मोठ्यानं बोलायची रीत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि त्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. दोन बोटं धरली तर दोन, पाची धरली तर पाच. आजूबाजूच्यांना नुसता रुमाल हललेला दिसतो. हात सोडला की सौदा मोडला. घट्ट दाबला की जबान दिली, आणि जबान दिली की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

हे मला माझ्या लग्नात ठाऊक नव्हतं. जेवणाच्या पंगतीत किशनराव माझ्या शेजारी येऊन बसले, उपरण्याखाली माझा हात हातात घेतला आणि हळूच दाबला. मला वाटलं, बहीण सासरी निघाली, पोराला भरून आलंय. मलाही भरून आलं. मी त्यांची पाची बोटं धरून चांगली घट्ट दाबली. त्यांनी डोळे मोठे केले, पुन्हा विचारल्यासारखं दाबलं. मी पुन्हा प्रेमानं दाबलं. तिसऱ्या दिवशी आमच्या क्वार्टरसमोर एकशिंगी म्हैस येऊन उभी राहिली. सौदा झाला होता, आणि तोही बाजारात कुणी दिला नसता अशा भावानं. ती म्हैस फक्त माझ्या बायकोला दूध द्यायची आणि मला लाथ. किशनराव अजून सांगतात, "दाजीसारखं दिलदार गिऱ्हाईक म्या पुन्हा बघितलं न्हाई."

तर माझी पोर, पुनम. बारावीला चांगले मार्क पडले. लातुरात चांगले मार्क पडलेल्या पोरानं काय करायचं असतं ते सगळ्या देशाला माहीत आहे. पण ही बेंगळुरूला जाऊन समकालीन नृत्य शिकली. मी विचारलं, हे भरतनाट्यम का? नाही. लावणी? नाही. सिनेमातलं? अजिबात नाही.

"मग हाय काय ते?"

"पप्पा, आपल्या अंगाला आज जे वाटतं, ते हालचालीतून सांगायचं."

माझ्या अंगाला त्या दिवशी जे वाटलं ते मी हालचालीतून सांगितलं. म्हणजे उठून बाहेर गेलो.

शिक्षण झालं, मोठ्या मंडळींबरोबर कामं झाली, परदेशातही एकदा जाऊन आली. पण स्वतःचं काम करायचं म्हटलं की बेंगळुरूत हॉलचं भाडंच अंगावर यायचं. दिवसभर श्रीमंतांच्या लग्नात मावश्या-काकूंना नाच शिकवायचा आणि उरल्या वेळात स्वतःचा नाच शोधायचा. शेवटी ती परत आली, आणि एकटी नाही. उदगीरचा रुद्रेश आणि नांदेडची धम्मप्रिया असे दोन जोडीदार घेऊन आली. तिघांचं म्हणणं एकच : आम्हाला फक्त जागा द्या.

मी जागा शोधली होतीच. एका निवासी कोचिंग क्लासमध्ये गॅदरिंगच्या मॅडमची जागा निघाली होती. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना पहाटे झुंबा करवायचा आणि डिसेंबरात चार गाणी बसवून द्यायची. पगार वेळेवर, दुपारचं जेवण फुकट. मी पुनमला म्हणालो, "जूनपर्यंत तुझ्या नाचाचं काही जमलं तर बघ. न्हाई तर जूनला कामावर जायचं." ती हो म्हणाली. लगेच म्हणाली, याचंच मला जरा चमत्कारिक वाटलं.

किशनरावांना हे कळलं आणि त्यांनी रेणापूरच्या रस्त्यावरची आपली कडब्याची शेड रिकामी करून दिली. भाची म्हणाली, "मामा, सिमेंटवर उड्या मारून गुडघे जातात." मामा म्हणाले, "बैल बी दगडावर बांधत न्हाईत, तुमी तर माणसं हाव." त्यांनी जुन्या टेम्पोच्या फळ्या आणल्या, खाली भुस्सा भरला आणि वर फळ्या ठोकून सपाट जमीन करून दिली. पहिल्या दिवशी फळी कुठं करकरते ते बघायला स्वतः उड्या मारायला निघाले, पण बायकोनं आवरलं.

तिथून पुढं किशनरावांनी तिघांना अगदी बैलांसारखं सांभाळलं. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. त्यांच्याकडं याहून वरचा मान नाही. सकाळी शेडवर जाऊन तिघांचे गुडघे दाबून बघायचे. रुद्रेश लंगडला तर हळद-तेल घेऊन बसायचे. ज्वारीच्या भाकरी, करडईचं तेल, गूळ-शेंगदाणे. धम्मप्रिया डाएटवर आहे असं कळल्यावर तर त्यांना जेवण जाईना. "खुराक न्हाई तर काम कसं निघंल? कलावंत झालं म्हणून काय झालं!" बाजारात कुणी विचारलं, भाची काय करते, तर छाती काढून सांगायचे, "आत्ताचा नाच करती." मागचा नाच कोणता हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

पुनम मात्र मामाचे हात बघत होती. त्यांच्याबरोबर बाजारात जायची, रुमालाजवळ उभी राहायची. त्यातून तिनं नाच बसवला. नाव ठेवलं 'रुमाल'. मी कपाळाला हात लावला. एवढी शिकली, आणि रुमाल!

एप्रिलमध्ये बातमी आली. देशभरातल्या अशा नव्या नाचाच्या मंडळींना वर्षभर सांभाळणारी एक संस्था होती. त्या संस्थेच्या एक बाई दिल्लीहून काम बघायला लातूरला येणार होत्या. त्यांनी निवडलं तर तिघांचं एक वर्ष सुटलं. नाही निवडलं तर रुद्रेश बेंगळुरूला परत, धम्मप्रिया नांदेडला आणि पुनम झुंब्याला.

"प्रेक्षक पाहिजेत," पुनम म्हणाली. "रिकाम्या शेडमध्ये नाचलो तर बाई म्हणतील, इथं हे कुणाला हवंय?"

"ते माझ्याकडं लागलं," किशनराव म्हणाले.

बाई आल्या त्या दिवशी संध्याकाळी दोन टेम्पो शेडसमोर थांबले आणि आतून अख्खा बैलबाजार उतरला. फेटे, टोप्या, हातात काठ्या. पहिल्या रांगेत उदगीरचे व्यापारी सिद्रामप्पा, कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर काठी आडवी. नाचाचा कार्यक्रम म्हणून बरेच जण अत्तर लावून आले होते.

आधी सत्कार. सत्काराशिवाय आमच्याकडं नळाचं कनेक्शनसुद्धा सुरू होत नाही. उन्हाळ्याच्या त्या उकाड्यात दिल्लीच्या बाईंना शाल पांघरली, त्यावर दुसऱ्यानं दुसरी पांघरली. मी घड्याळ बघून ओरडलो, "आता सुरू करा!" तेव्हा कुठं नारळ परत पिशवीत गेले.

दिवे मालवले. शेडमध्ये पांढरंशुभ्र मोठं कापड ताणलेलं. त्याच्या मागून उजेड आला, आणि कापडावर दोन हातांच्या सावल्या पडल्या. एक पुनमचा, एक रुद्रेशचा. ना गाणं, ना ढोलकी. धम्मप्रिया कापडासमोर बैलाच्या चालीनं, मान खाली घालून, हळूहळू फिरत होती. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. पोरीची मान बघून मला खरोखरच बाजारात उभं केलेलं जनावर आठवलं.

बाजार मात्र वेगळंच बघत होता. जन्मभर रुमालाखाली झाकलेली बोटं आज भिंतीएवढी होऊन समोर दिसत होती. आधी सगळे लाजले. मग हळूहळू वाचायला लागले.

"पाच देतंय पोरगं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"चांगली सुरुवात हाय."

रुद्रेशच्या सावलीनं पाची बोटं दाबली होती. आता पुनमच्या हातानं संथपणे, फार सुंदर रीतीनं, त्याची दोनच बोटं धरली. तिला त्यात कमळाची कळी मिटताना दिसत होती, असं तिनं नंतर सांगितलं. बाजाराला दिसला भाव.

"दोन?" सिद्रामप्पा ताठ बसले. "यप्पा! इकणारी खाली उतरली!"

रुद्रेशनं पुन्हा पाच. पुनमनं पुन्हा दोन. मग एकच बोट.

आता कुणाला आवरणार? "आगं पोरी, गिऱ्हाईक पाच द्यायलंय, तू एकावर का आलीस!" "हात सोड, हात सोड! फसवायलाय त्यो!" "जनावर बघ की कसलं देखणं हाय!" असं म्हणून एकानं धम्मप्रियाकडं बोट दाखवलं. सिद्रामप्पा काठी आपटत उठले आणि रुद्रेशच्या सावलीला म्हणाले, "उदगीरचा म्हणवतो आन पोरीला लुबाडतो?" दिल्लीच्या बाई दोन शालींतून मान उंच करून बघत होत्या.

आणि किशनराव उठले. ज्यांनी वरातीत पाय हलवला नाही ते किशनराव, चपला काढून, फळ्यांना नमस्कार करून थेट कापडामागं गेले. कापडावर तिसरा हात आला. जाड, गाठी पडलेला. त्यानं पुनमचा हात अलगद बाजूला केला आणि रुद्रेशचा धरला.

रुद्रेशला बोटांचं काही कळत नव्हतं, पण गडी कसलेला. हात हलेल तसा हलत गेला. किशनराव दाबत होते, थांबत होते, हात सोडल्यासारखं करून पुन्हा धरत होते. पुनम एक क्षण बाजूला उभी राहिली आणि मग त्या दोन हातांभोवती नाचायला लागली. बाजार एकदम गप्प झाला. एकेक दाब सगळे श्वास रोखून बघत होते. शेवटी किशनरावांनी दोन्ही हातांनी रुद्रेशचा हात घट्ट दाबला आणि शेडभर एकच आवाज उठला, "झाला सौदा!" टोप्या उडाल्या. काठ्या आपटल्या. माझ्याही तोंडून काहीतरी निघालं, पण ते मी सांगणार नाही.

पुनम कापडामागून बाहेर आली ती हसत होती आणि रडतही होती. "मामा, तुमी मध्येच कसं आलात?"

"मग काय करू?" किशनराव घाम पुसत म्हणाले. "डोळ्यांदेखत पोरगी सोन्यासारखा माल दोनाला, एकाला द्यायली. एवढी मेहनत, आन इतक्या स्वस्तात? मला बघवना."

ते नाचातल्या सौद्याबद्दल बोलत होते. मला मात्र ती गॅदरिंगच्या मॅडमची जागा आठवली.

दिल्लीच्या बाईंनी विचारलं, ते चौथे ज्येष्ठ कलाकार कुठले आणि प्रेक्षकांची एवढी तालीम कशी घेतली? पुनमनं काहीतरी उत्तर दिलं. बाई फार खूश दिसल्या. शाली घडी करून परत दिल्या आणि गाडीत बसताना म्हणाल्या, "कळवू आम्ही."

आमची सगळ्यांची तोंडं उतरली. ज्याच्या घरी लग्नाची पोर आहे त्याला "कळवू" म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कांदेपोहे खाऊन, हात पुसून माणसं असंच म्हणतात. पुनम फळीवर बसून पायाच्या पट्ट्या सोडायला लागली. सिद्रामप्पा तिला समजावत होते, "उदगीरला ये. आमच्या बाजारात कर. फकत भाव तेवढा दुरुस्त कर."

"न्हाई अप्पा," ती म्हणाली, "इकणारी एकावरच येणार."

"का गं?"

"त्याशिवाय तुमी उठाल का?"

मी चहाचा कप घेऊन बाजूच्या बाजेवर बसलो. जून जवळ आला होता. किशनराव शेजारी येऊन टेकले. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझं एक बोट धरलं.

एक वर्ष. भाचीसाठी एक वर्ष मागत होते. माझी मान हलली नाही तसे त्यांनी बोट पुन्हा हळूच दाबलं.

समोर पुनम पट्ट्या गुंडाळत होती. कुठं जाणार, कोणत्या मार्गानं, तिच्या कपाळावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी रुमालाखाली त्यांची पाची बोटं गोळा केली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून दाबली.

किशनरावांनी डोळे मोठे केले. लग्नाच्या पंगतीत केले होते तस्से.

"दाजी," ते दबक्या आवाजात म्हणाले, "ह्या बारीला कळून दाबलीत, का पुन्हा प्रेमानंच?"

"म्हैस बांधा दारात," मी म्हणालो. हात मात्र मी सोडला नाही.